चौदा वर्षांचा उतार

“गाडीत कायबी न्हाय. ह्याच्या पायातच दम राहिला न्हाय!”

देशिंगे वकील माझ्या गॅरेजच्या दारात एवढ्या मोठ्यानं ओरडले की मंगळवार पेठेतली निम्मी गल्ली वळून बघायला लागली. ओरडणं त्यांच्या ड्रायव्हरवर होतं. यल्लाप्पामामा गाडीला टेकून, मान खाली घालून उभे होते. २००३ सालची गोष्ट. गाडी एकोणनव्वदची, आणि पहिल्या दिवसापासून मामाच ती चालवत होते.

आदल्या दिवशी आंबा घाट उतरताना गाडी वळणावर थांबली नाही. कठड्याला घासली, दार चेपलं. वकिलांनी कोल्हापूर यायच्या आत निकालही देऊन टाकला होता: सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर.

“प्रसेनजीत, तू दार नीट कर, बास,” ते मला म्हणाले.

“मामा, काय झालतं?” मी यल्लाप्पामामांना विचारलं.

“ब्रेक दगडावानी झालाय. महिनाभर सांगालोय सायबास्नी. उभा राहिल्यागत दाबतोय, तरी गाडी धरंना.”

मी गाडीत बसलो. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबला, पाय तसाच ठेवला आणि किल्ली फिरवली. ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा बूस्टर चांगला असेल तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली जातं. हे जागचं हललं नाही. शिवाय पायापाशी हवेचा सूंऽ असा आवाज.

“बूस्टर गेलाय. आतला पडदा फाटलाय. मामांच्या पायाला कशाला नावं ठेवताय?”

वकील हसले. साक्षीदार कात्रीत सापडल्यावर ते असेच हसत असणार.

“तू बूस्टर बघितलास इंजिन चालू करून. काल घाटात इंजिन बंद हुतं. मग बूस्टरचा संबंध आलाच कुठं?”

“बंद? कुणी बंद केलं?”

“मीच करायला लावतोय. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? चौदा वर्षं असंच उतरतोय की!”

माझं डोकंच फिरलं. “वकीलसाहेब, बूस्टर इंजिन हवा ओढतंय त्या ओढीवर चालतोय! इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबात त्यो संपला. आता पडदा फाटल्यावर तेवढंबी न्हाय. तितनं फुडं अख्खी गाडी ह्यांच्या एका पायावर. चौदा वर्षं तुमचा बूस्टर ह्यो माणूस हुता!”

गल्लीतलं कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत. ते वाकून आपल्या उजव्या गुडघ्याकडे बघत होते.

“घाट उतरला की सुजायचा,” ते हळूच म्हणाले. “बायकू सोनूबाई तेल लावून चोळायची. सायेब म्हणायचे, तुझं वय झालं. मलाबी तसंच वाटालतं.”

वकिलांचा राग आलाच, पण स्वतःचाही आला. चार वर्षं ही गाडी माझ्याकडे येत होती. प्लग साफ केले, लायनर बदलले, पण घाट कसा उतरता हे मामांना मी एकदाही विचारलं नव्हतं.

वकिलांनी घड्याळ बघितलं. “बरं, बूस्टर बदल. आणि यल्लाप्पा, सोमवारी ये कामावर.” झालं. चुकलं म्हणून एक शब्द नाही. जणू उपकारच केले.

दोन दिवसांनी नवा बूस्टर बसवला, त्याची नळी बदलली, आणि चाचणीसाठी आम्ही वाघबिळाच्या उतारावर गेलो. मामा चालवत होते, वकील शेजारी, मी मागे. पेडल अलगद खाली जात होतं, गाडी लोण्यासारखी थांबत होती. वकील खूश झाले.

“झाला की मऊ! कर आता इंजिन बंद.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. करत नव्हते.

मामांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन तसंच चालू ठेवून ते खाली उतरले.

“आता तुमी उतरवा, सायेब.”

“अरे, मला कुठं येतंय चालवाय? यल्लाप्पा! आरं ए!”

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. उजव्या गुडघ्यावर हात ठेवून ते उताराच्या कडेनं चालू लागले. इंजिन बंद करायला वकिलांचा हात आपसूक किल्लीकडे गेला.

“हात काढा,” मी म्हणालो. त्यांनी हात काढला.

खालून उसाचा ट्रक चढत येत होता. मामा थांबले, कडेला सरून त्याला वाट दिली, आणि तो गेल्यावर पुन्हा एकेक पाऊल टाकत उतरू लागले.