सतराव्या सरीतली शून्यं

शेवटी पाकायारच्या दरीत एकही माणूस उरला नाही.

पण ते राहू द्या. तसं काही झालेलंच नाही असं समजा. त्या गुरुवारी सकाळी सगळे जागच्या जागी होते. समुद्राकडून आलेलं धुकं नेहमीसारखं जमिनीवर पोट टेकून बसलं होतं. संशोधन केंद्राच्या फाटकाशी मिनिस्त्रो झोपला होता. मिनिस्त्रो म्हणजे मंत्री. कुत्रा खातो, झोपतो आणि कुणालाच ओळख देत नाही, म्हणून हे नाव. आणि इंजिनिअर एर्मिनिया क्विस्पितुपा नवा सदरा घालून राजधानी लिमाहून येणाऱ्या समितीची वाट बघत होती.

नऊ वर्षांपूर्वी तिनं वरच्या कड्यावरून एक रानटी टोमॅटो आणला होता. फळ वाटाण्याएवढं, पिकलं तरी हिरवंच. अंगभर चिकट लव, आणि वास असा की खेचरसुद्धा तोंड फिरवी. पण नागअळी त्याच्या वाटेला जात नव्हती, आणि या अळीनं दरीतल्या टोमॅटोची पानं पोखरून चाळणी केली होती. एर्मिनियानं या रानटी बाईचं बाजारातल्या गुबगुबीत टोमॅटोशी लग्न लावून दिलं. मुलं झाली ती एकतर बापासारखी गोड आणि मरतुकडी, नाहीतर आईसारखी चिवट आणि कडू. मग निवड सुरू झाली. वर्षाला दोन पिढ्या. नियम साधा होता. प्रत्येक झाडाची दहा पानं उलटायची, अळीनं कोरलेले बोगदे मोजायचे, आकडा वहीत लिहायचा. सगळ्यात कमी आकड्याच्या झाडाचं बी पुढच्या पिढीला.

मोजायचं काम केंद्रातल्या जुन्या गड्याचं, तेओफिलोकाकांचं, निवडायचं तिचं. गेल्या सहा पिढ्या सतराव्या सरीसमोर वहीत नुसती शून्यं होती. रांगेनं, गोल गोल, काकांच्या सुबक अक्षरात. वरच्या अंगाच्या चाळीस शेतांत चाचणीची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. वाणाला मान्यता मिळायला आता फक्त तीन सह्या हव्या होत्या. समितीनं सरीत उभं राहायचं, झाडावरचं फळ तोडून खायचं आणि तिथंच सही करायची, अशी रीत होती. आज सह्या नाही झाल्या, तर तिची नऊ वर्षं कपाटात जाणार होती.

समिती आली. तिघेही चालत निघाले, गप्पा मारत, रुमालानं चष्मे पुसत. सरी वीस पावलांवर आली तेव्हा अध्यक्ष डॉक्टर बाल्बुएना थबकले.

"अरेच्चा," ते म्हणाले, "मी घरचा गॅस बंद केला का?"

दुसऱ्या सदस्याला वांकायो शहरातली बहीण आठवली. अकरा वर्षं तिला तोंड दाखवलं नव्हतं. तिसऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. त्या दिवशी त्याचं लग्न होतं. ते खरंच होतं.

कुणी घाबरलं नाही, कुणी नाकाला रुमाल लावला नाही. तिघांनी अगदी अदबीनं हात मिळवला आणि गाडी धुरळा उडवत गेली.

"काका, यांना झालं काय?" एर्मिनिया म्हणाली.

"होतं असं," तेओफिलोकाका टोपी मागे सारत म्हणाले. "तिथं गेलं की कामं आठवतात."

"कुठं?"

"सतरावीत."

"तुम्ही तर रोज जाता."

काकांनी बुटाच्या टोकानं माती उकरली. "रोज निघतो, बाई."

"मग ही शून्यं कुठून आली?"

"लांबून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं."

"लांबून अळी दिसते?"

"नाही ना. म्हणूनच शून्य."

एर्मिनियाला एकदम आकडीच्या काठ्या आठवल्या. फळ तोडायच्या काठीसाठी काका दर हंगामाला अर्ज करत आणि ती मंजुरी देई. पहिल्या वर्षी दोन हातांची, मग चार, मग सात. यंदाची दोन बांबू जोडून केलेली चौदा हातांची होती. खाली सही तिचीच.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "अळीला हाकलणारं झाड आपण निवडलंच नाही. मोजणाऱ्याला हाकलणारं निवडलं. जे तुम्हाला जास्त लांब ठेवी, त्याला शून्य. ज्याला शून्य, त्याचं बी. पिढ्यान् पिढ्या."

काकांनी विचार केला. "मग जमलं की, बाई! उगीच काय रडता?"

"थट्टा पुरे. मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला ऑफिसात आलो होतो तीनदा. तुम्ही म्हणालात, वही बोलू दे." मग ते जरा खवचटपणे म्हणाले, "आणि तुम्ही स्वतः कधी पाऊल टाकलंत तिथं?"

ती कितीतरी वेळा निघाली होती. दर वेळी वाटेत एखादा अहवाल आठवला होता.

तिनं दुर्बीण आणली. सतराव्या सरीची पानं अळीच्या बोगद्यांनी पांढरीफटक पडली होती. वर राखाडी पतंग निवांत भिरभिरत होते. त्यांना टिपायला एक पाखरू नव्हतं. फळं मात्र लालबुंद, मुठीएवढी. पिकून खाली पडत होती, फुटत होती, रुजत होती.

"काका, पलीकडे अठरावी सरी आपण लावली होती?"

"नाही."

"आणि एकोणिसावी?"

काकांनी टोपी पुढे ओढली.

दुपारी तीनला वरच्या गावाची बस फाटकाशी थांबली. टपावर गाद्या, कोंबड्या, एक शिवणयंत्र. एर्मिनिया धावत गेली. "वर काय झालंय? का निघालात सगळे?"

"काही नाही हो," खिडकीतली बाई मक्याच्या लाह्या चघळत हसली. "मावशीला भेटायचं राहिलं होतं."

"मला दात काढायचाय," मागचा म्हणाला.

"सगळ्यांना आजच?"

"आजच आठवलं ना," बाई म्हणाली, आणि बस खाली निघून गेली. तिच्यामागून आणखी एक आली. वर जाणारी एकही दिसली नाही.

"बाई, मी येतोच," काका म्हणाले. "चुलीवर रताळी ठेवलीत."

काकांच्या खोलीत चूल नव्हती. तरी ते झपझप गेले. थोड्या वेळानं मिनिस्त्रो उठला, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा, आणि वळूनही न बघता रस्त्याला लागला.

एर्मिनियानं कोयता उचलला. एकेक रोप मुळासकट काढायचं, मग वरची शेतं. सरीपर्यंत उरलेली पावलं उलटी मोजत ती निघाली. विसाव्याला आईला फोन करायचा राहिल्याचं आठवलं. तिनं ओठ चावला. पंधराव्याला कपाटाची किल्ली, तेराव्याला वाळत घातलेले कपडे. ती चालत राहिली. बाराव्याला, अगदी स्वच्छपणे, आठवलं की लिमाच्या लेखी परवानगीशिवाय केंद्रातलं एकही रोप उपटता येत नाही. अर्ज तीन प्रतींत लागतो.

आणि ते खरंच होतं. यात झाडाचा काय दोष?

ती हलक्या मनानं परत फिरली. ऑफिसात बसली, मध्ये कार्बन घातले आणि लिहू लागली. खिडकीबाहेर धुकं उतरत होतं, आणि त्यात सरी किती आहेत ते मोजणारं आता कुणी नव्हतं.

"प्रति, माननीय संचालक. विषय: सरी क्रमांक सतरा व त्यानंतरच्या सर्व सऱ्यांच्या निर्मूलनासाठी मनुष्यबळ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, ज्याचे कुठेही, कोणतेही काम आजवर राहिलेले नाही, असा एक कर्मचारी या केंद्रास तातडीने उपलब्ध करून द्यावा. वयाची अट नाही. दुपारच्या जेवणाची सोय केंद्रातर्फे करण्यात येईल. तसेच सदर अर्ज प्रत्यक्ष येऊन स्वीकारण्यासाठीही एक इसम पाठवावा, ही विनंती."