तापवलेली सुई

बाटल्या काचेच्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. बाटली फुटली की घरभर बोलणी बसत, आणि रबरी निपल पार चिकट होईपर्यंत वापरलं जाई.

धाकटी सून घरी बसून शिंप्याच्या दुकानाची काजं करायची. बाळंतपणातल्या तापात तिचं दूध आटलं, तेव्हापासून तीन महिन्यांची पोर बाटलीवर होती. प्यायची तीही गोगलगायीच्या चालीनं, अर्धा-अर्धा तास. बाटली उशीला टेकव आणि कामाला लाग, हा सासूबाईंचा रोजचा धोशा. सून ऐकून घ्यायची आणि पोरीला मांडीवरच घ्यायची. मोठी जाऊ तिला मौनीबाई म्हणायची.

त्या दिवशी पोर दोन घोटांतच ठसकली. दूध नाकातून आलं, तोंड लालबुंद झालं. सुनेनं तिला पुढे झुकवून पाठ थोपटली, तेव्हा कुठे रडं फुटलं. मग तिनं बाटली उलटी धरली. एरवी थेंब-थेंब गळणारं दूध धारेनं सांडलं. निपलाच्या भोकाची कड करपलेली होती. काजं करणारीच ती, सुताएवढं भोक वाढलं तरी नजरेतून सुटायचं नाही. तिच्याच डब्यातली जाड सुई टोकाला काळी पडली होती.

सासूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. सुई तापवून मीच भोक मोठं केलं, म्हणाल्या. पाच मिनिटांत बाटली रिकामी होते, सहा पोरं अशीच वाढवली.

सुनेनं कात्री उचलली आणि निपलाचे उभे दोन तुकडे केले. घरात दुसरं नव्हतं.

"आता उपाशी ठेवणार का तिला?"

"नाही आई, वाटीचमच्यानं पाजते. तुमची सहा तुम्ही वाढवलीत. हिला मी वाढवणार. अर्धा तास तर अर्धा तास."

जावेच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

नवऱ्याला तिनं भरल्या ताटावरून उठवून दोन नवी निपलं आणायला धाडलं. निपलं उकळून झाल्यावर ती थेट सासूबाईंच्या खुर्चीत बसली, कारण कोपर टेकायला हात असलेली खुर्ची घरात तेवढीच. मनगटावर थेंब पाडून बघितला. पोरीचं डोकं उंच धरलं, बाटली जराशीच कलती. पोर थांबली की तीही थांबायची, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. शिंपी सदरे न्यायला आला, कुरकुरला. तिनं बसूनच सांगितलं, उद्या मिळतील.

सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी चोळीचं बटण तुटलं, तेव्हा सुई मागावीच लागली. सुनेनं डब्याला आता लावलेलं कुलूप काढलं, दोरा ओवून सुई दिली आणि बटण लागेपर्यंत समोर उभी राहिली.

"पहारेकरी आहेस का गं माझ्यावर?"

"आहे," सून म्हणाली, आणि सुईसाठी हात पुढे केला.