गाडीला आवाज नव्हता

दादाने विजेवरची गाडी घेतली आणि त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. भेटेल त्याला तो गाडीशेजारी उभा करी, गाडी चालू करी आणि विचारी, "ऐकू येतंय काही?" काही ऐकू येत नसे, आणि त्याचं कौतुक करावं लागे.

रविवारी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं, तेव्हा त्याच्या बहिणीला वाटलं, मिरवायचं असेल. अठ्ठेचाळिशी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. पण दादा आपणहून म्हणाला, "चष्मेवाल्यांनाही बोलव. ओळख होईल." धाकटीला भरून आलं. चष्मेवाले म्हणजे बाजारात चष्म्याचं दुकान चालवणारे एक विधुर, मोजकंच बोलणारे. आईच्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून ती त्यांच्याकडे गेली, आणि मग ती काडी वारंवार सैल होऊ लागली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. अंथरुणाला खिळलेली आईसुद्धा म्हणाली होती, "कर बाई, माझ्यापायी अडू नकोस." दादा मात्र नुसतं "बघू" म्हणाला होता. आई त्याच्याच घरात राहणार, म्हणून त्याच्याशी वाकडं घेऊन जायचं धाकटीच्या जिवावर आलं होतं. त्याचा एक होकार मिळाला की झालं.

आईजवळ शेजारीण बसली आणि हे चौघे निघाले. दादा-वहिनी पुढे, हे दोघे मागे. चार्जिंग पुरावं म्हणून दादाने एसी लावला नव्हता, आणि धुळीपायी काचाही बंद होत्या. नव्या रेक्झिनचा वास आणि वहिनीने आरशाला टांगलेल्या अत्तराच्या कुपीचा वास एकमेकांत मिसळून धाकटीला मळमळत होतं. शेतं लागली तशी चष्मेवाल्यांनी मान मागे टाकून डोळे मिटले.

जुन्या डिझेलच्या गाडीत मागे बसलेल्याला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे. त्या धडधडीच्या आड दादा-वहिनीचा निम्मा संसार पुढच्या सीटवर झाला होता. कोणाला काय द्यायचं, कोणाला कसं टाळायचं, सगळं तिथे ठरे. आता गाडी बदलली. सवय कुठली बदलायला.

"झोपले वाटतं," वहिनी म्हणाली.

"बरंच झालं. तळ्यावर मी त्याला बाजूला घेतो," दादा म्हणाला. "सांगतो, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. ओरडते, भांडी फेकते, औषधं चालू आहेत. धूम ठोकेल बघ."

"आणि नाही ठोकली तर? मी आत्ताच सांगून ठेवते, आईंचं हागणं-मुतणं माझ्याने व्हायचं नाही. मला किळस येते."

"तुला कोण करायला सांगतंय? ती आहे ना. संत्रं सोल एखादं."

धाकटीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. आईचं सगळं ती वर्षानुवर्षं काढत आली होती आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. घाण धुतली की जाते. ही कशाने धुवायची? समोर दादाची मान होती, घामाने चकाकणारी, आणि तो संत्रं चावेल तशी तिच्यावरची वळी हलत होती. तिला त्या मानेची किळस आली. "धर गं," म्हणून वहिनीने ओल्या साली मागे केल्या आणि हिचा हात सवयीने पुढे झाला. मग तिला त्या हाताचीही किळस आली.

तिने शेजारी पाहिलं. डोळे मिटलेलेच होते, पण झोपलेला माणूस इतका जपून श्वास घेत नाही. त्यांनी ऐकलं होतं. ऐकून गप्प होते. खरं वाटलं असेल का? तिने काच खाली करून साली फेकून दिल्या आणि हात साडीला पुसत राहिली.

तळ्यावर हिरवा तवंग साचला होता. दादाने चष्मेवाल्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्या मायेने त्यांना काठाने थोडं पुढे नेलं. त्याने आवाज खाली घेतला, चेहरा पाडला, एकदा डोळेसुद्धा पुसले. चष्मेवाले मान खाली घालून ऐकत होते. धाकटीला वाटलं, संपलं.

"जरा थांबा," चष्मेवाले म्हणाले. आवाज गाडीपर्यंत पोचेल इतका मोठा होता. "गाडीत म्हणालात, ओरडते, भांडी फेकते. आता म्हणताय, झोपेत चालते. नक्की काय ते एकदा ठरवा."

"तुम्ही झोपला नव्हतात?"

"तुमच्या गाडीला आवाजच नाही हो."

दादाने गाडीकडे पाहिलं, जशी काही तिनेच चहाडी केली होती. मग तो लगबगीने बहिणीकडे आला. "अगं, तुझ्या भल्यासाठीच..." त्याच्या दातांत संत्र्याचा दोरा अडकला होता. धाकटीने तोंड फिरवलं. होकार मागायचा तो या तोंडाकडे?

"पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय," ती म्हणाली. "आईशी बोलायला रोज येईन."

"बोलायला?" वहिनीचा चेहरा उतरला. "आणि बाकीचं?"

"रबरी हातमोजे न्हाणीघरात वरच्या फळीवर आहेत, वहिनी. नवेच आहेत. मला कधी लागले नाहीत."