मला ओल्या फडक्याने पुसा

मित्रांनो, मी तिसरीच्या वर्गातला जुना फळा. लाकडी आहे. नीट पाहिलंत तर मधला सांधा अजून दिसेल. ज्या सुताराने मला घडवलं त्याने रंधा मारून मारून मला इतकं गुळगुळीत केलं, की तो स्वतःच बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत बसला होता. मग काळ्या रंगाचे तीन हात देऊन त्याने मला या भिंतीवर ठोकलं. तेव्हापासून मी इथेच आहे. मला कुणी कधी घरी नेलं नाही.

माझी उमेदीची वर्षं गुरुजींबरोबर गेली. गुरुजी रोज सकाळी माझ्यावर सात-आठ ओळी लिहायचे. अक्षर असं टपोरं, की शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं. मग म्हणायचे, "हं, उतरवा." आणि चाळीस मुलांचे डोळे माझ्यावर! मान वर, मान खाली, मान वर, मान खाली. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "फळा असावा तर असा." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

या वर्षी अर्धं वर्ष सरलं आणि गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. वयाने लहान, पण आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "बघून उतरवलं की हात चालतो आणि डोकं झोपतं. आता आपण ऐकून लिहायचं. याला म्हणतात श्रुतलेखन." त्यांची पद्धत अशी. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला माझ्यावर दहा वाक्यं लिहायची, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायची आणि डस्टर फिरवून पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकांमधून फिरत बाई तीच वाक्यं सांगणार. मुलांनी ऐकायचं, मनातल्या मनात म्हणायचं आणि वहीत लिहायचं.

आणि मी? मी कोरा. चाळीस माना वहीत खुपसलेल्या. माझ्याकडे बघायचीही बंदी!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या वहीत असं आहे तरी काय, तुम्हीच सांगा. चाळीस पानांचा जीव, कोपरे दुमडलेले, कुणाच्या वहीवर डब्यातलं तेल सांडलेलं. पण तिला तपकिरी कागदाचं कव्हर. तिच्यावर नावाची चिठ्ठी. तिच्यात लाल शाईने 'शाबास'. आणि संध्याकाळी दप्तरात बसून ती ऐटीत घरी जाणार. तिथे आईबाबा तिला उघडून बघणार, कौतुक करणार. वर्ग रिकामा झाला की मी त्या वह्यांच्या नावाने बोटं मोडायचो. मला बोटं नाहीत, हा भाग वेगळा.

खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर एका शिंप्याची मुलगी बसायची. हनुवटीवर तीळ होता, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. माझ्यावरचं उतरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ऐकून लिहायचं म्हटलं की ती पार गडबडून जायची. दहापैकी दोन, दहापैकी एक. मधल्या सुट्टीत ती वही छातीशी धरून रडायची.

एक दिवस बाईंनी वाक्य सांगितलं आणि ठिपकीने हताश होऊन मान वर केली. खिडकीतून तिरपं ऊन माझ्यावर पडलं होतं. माझा रंग आता विटला आहे, अंग खरबरीत झालं आहे. कोरड्या डस्टरने खडू पुरता निघत नाही. तिच्या बाकावरून कालची सगळी वाक्यं पुसट, पण वाचता येतील अशी दिसत होती.

मित्रांनो, कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे पाहिलं!

त्या दिवशी तिला दहापैकी दहा मिळाले. खोटं कशाला बोलू, मी काय करतोय ते मला कळत होतं. पण त्या दिवसापासून डस्टर फिरला की मी खडूचा कण न् कण घट्ट धरून ठेवायचो. मनात म्हणायचो, घ्या, वह्यांनो! शेवटी तिला माझीच गरज लागली ना? बाई मुलांमधून फिरायच्या, तिच्या बाकावर कधी बसायच्या नाहीत. त्यांना वाटलं, पोरीने मनावर घेतलं.

मग एका सकाळी ठिपकीचे बाबा वर्गात आले. गळ्यात मापाची टेप तशीच होती. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात एक सदरा.

"बाई, हिचा दादा दुसऱ्या गावी कामाला गेला," ते म्हणाले. "मी माप घेताना सांगत जायचो आणि तो लिहायचा. माझे दोन्ही हात टेपमध्ये अडकलेले असतात. म्हटलं, आता ठिपकी लिहील. दहापैकी दहा मिळवते पोरगी! मी सांगितलं, 'बाही पूर्ण, मनगटाला दोन बटणं.' हिने काय लिहिलं, बघा."

चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'बाही'. जे जमलं नाही ते तिने गाळलं होतं. कापायला बसेपर्यंत बाबाही विसरले आणि त्यांनी नेहमीसारखी अर्धी बाही कापली. गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं.

"कापडाचं जाऊ दे हो," बाबांचा आवाज खाली आला. "पण ही म्हणते, मी पुन्हा दुकानात लिहायला बसणार नाही. एवढे मार्क मिळवणारी मुलगी असं का म्हणते?"

बाई म्हणाल्या, "ठिपके, ये बाळा. बाबा सांगतील ते फळ्यावर लिही."

माझी छाती फुगली. वह्या बाजूला आणि मी पुढे! बाबा सावकाश म्हणाले, "बाही पूर्ण." ठिपकीने खडू टेकवला. बाबांनी पुन्हा सांगितलं. खडू तिथेच. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता, पण मी तिला काय देणार? माझ्यावर कुणी लिहिलेलं तेवढंच मला परत देता येतं. आणि या पोरीलाही मी तसंच करून ठेवलं होतं.

"बाई, मला फळ्यावर दिसतं," ती हुंदके देत म्हणाली. "पुसलेलंसुद्धा दिसतं."

बाई तिच्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी मान तिरकी केली. "अगंबाई! हा तर सगळं सांगतोय की!"

सगळा वर्ग हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलांच्या घरच्या माणसाने एकदा तरी माझ्याकडे बघावं, म्हणून मी इतकी वर्षं जळत होतो. बघितलं, ते असं.

"तुला दुसऱ्या बाकावर बसवू का?" बाईंनी विचारलं.

"नको," ठिपकी नाक पुसत म्हणाली. "मी बघते काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच ती आली. हातात त्याच सदऱ्याच्या बाहीचं कापलेलं कापड होतं. ते तिने बादलीत बुडवलं, पिळलं आणि मला पुसायला लागली. बाकावर चढून वरपासून खालपर्यंत पुसलं. एका कोपऱ्यात एक वाक्य मी तरीही धरून ठेवलं होतं. ते तिला दिसलं. ती थांबली. फडक्यातून पाणी ठिबकत होतं. मी म्हणत होतो, राहू दे गं, एवढं एक राहू दे. तिने मोठा श्वास घेतला आणि पुन्हा फडकं दाबून फिरवलं. मग मी सोडलं.

त्या दिवशी तिला दहापैकी चार मिळाले. त्या चाराखाली बाईंनी लाल शाईने 'शाबास' लिहिलं. महिन्याभराने ती मैत्रिणीला सांगत होती, "काल बाबांनी तीन गिऱ्हाइकांची मापं सांगितली. सगळी मीच लिहिली!" तेही वहीतच लिहिलं, म्हणे. माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखा म्हातारा फळा असेल, तर त्याच्यावर नुसता कोरडा डस्टर फिरवू नका. ओलं फडकं घ्या आणि नीट पुसा. त्याने एखादं वाक्य धरून ठेवलं, तर तेही पुसा. त्याला वाईट वाटेल, पण तुम्ही थांबू नका.