शालींची गोधडी

फाल्गुनाची सुवर्णपिंगट दुपार विद्यापीठाच्या घुमटावरून हलके हलके उतरत होती. पांगारा पेटला होता, शिरीष झडला होता. वाळल्या शेंगांचे खुळखुळे वाजवत वारा सभागृहाच्या दारापर्यंत येई, आतलं भाषण ऐके आणि शहाण्यासारखा माघारी फिरे.

आत कुलगुरूंचा निरोपसमारंभ चालला होता. शिलालेखविशारद, ताम्रपटपंडित, इतिहासमार्तंड डॉ. त्र्यंबक डुंबरे बोलायला उभे होते. पहिल्या रांगेत, मांडीवर बोचकं घेऊन, त्यांची थोरली बहीण द्वारकाक्का बसली होती. आईमागे तिनंच त्याला वाढवला होता. तिला कसला मार्तंड नि कसलं काय.

बोचक्यात गोधडी होती. साधीसुधी नव्हे. सत्कारात मिळालेली एकेक शाल त्र्यंबक कुकडीकाठी गावाला धाडी, नारळासकट. नारळाच्या वड्या होत, आळीत वाटल्या जात. शाली अंगाला टोचत. आणि टोचणाऱ्या वस्तूला अक्का सुईनंच उत्तर देई. अधिव्याख्यात्याची विटकी तपकिरी, प्राध्यापकाची शेंदरी, विभागप्रमुखाची मोरपंखी, कुलगुरूची झगझगीत जरीकाठी. टाक्याटाक्यानं भावाचं अवघं कर्तृत्व तिनं जोडत नेलं होतं. शाल भरजरी होत गेली, तसतसा भाऊ गावी येईनासा झाला. हे तिच्या ध्यानात होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

आता दिल्लीहून बोलावणं आलं होतं. कुठल्याशा आयोगाचं अध्यक्षपद. अजून होकार दिला नाही, असं तोच फोनवर म्हणाला, आणि अक्का सकाळच्या एसटीत बसली. पण ‘चल घरी’ म्हणायला जीभ रेटेना. ज्या जिभेला अख्खी आळी दबून होती, तिला हे दोनच शब्द जड झाले. म्हणून गोधडी. बघेल, समजेल; एवढा शिकलाय.

समारंभाआधी, दुपारच्या जेवणानंतर, तिनं बोचकं सोडलं होतं. त्यानं गोधडी उलटीसुलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि सातवाहनकाळी कापड कसं विणत, तिथून सुरुवात केली.

तो असाच. चहात साखर किती, विचारलं तर ऊस या देशी कधीपासून आहे, ते आधी. तरुणपणी मुलगी पसंत आहे का, असं विचारलं होतं. याचं यादवांचं राज्य बुडेपर्यंत मुलीच्या बापानं तिला दुसरीकडे उजवली. तो राहिला तसाच.

आता भाषणातही तेच. सातवाहन गेले, क्षत्रप आले, आणि क्षत्रपांनी सभागृहात मुक्काम ठोकला. हार सुकले. कुलसचिवांची मान छातीवर टेकली. ऊन पायरी पायरी उतरत शिरीषाच्या बुंध्याशी जाऊन बसलं. सोनेरी, मग तांबूस, मग उदास ऊन. अक्काच्या गावची शेवटची गाडी तिकडे स्थानकात लागली असेल.

अक्का उभी राहिली.

“त्रिंबका,” ती म्हणाली, माईकवाचून, “नाणेघाट कुठं पळून जायचा नाही. माझी एसटी जाईल. दिल्लीला चाललास का घरी येतोस, तेवढं सांग. आणि सातवाहनांना विचारत बसू नकोस.”

सभागृह जागं झालं. जन्मात पहिल्यांदा इतिहासमार्तंडांना सुरुवात सापडेना. त्यानं कागद चाळले. कागदांत नव्हतं. मग खाली पाहिलं: अक्काच्या काखेत बोचकं, आणि बोचक्यातून डोकावणारा एक विटका तपकिरी कोपरा. पहिल्या शालीचा.

“घरी येतो, अक्का.”

एवढंच. ना सनावळी, ना तळटीप. कुलसचिव दचकून उठले आणि त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

सामान मागून येणार होतं. खेडच्या घाटात आभाळ केशरी झालं, केशराचं कुंकू झालं, कुंकवाची राख झाली. खिडकीशी अक्का, शेजारी भाऊ, दोघांच्या गुडघ्यांवर गोधडी. वर आजचा नारळ, आजची शाल. ही शेवटची, हिचा काठ लावू, अक्का म्हणाली. निळा दोरा घेऊ का काळा, एवढं तिनं विचारलं.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. नीळ, म्हणाला, सातवाहनकाळी...

अक्कानं डोळे मिटले. घाट वळत होता, गाडी हेलकावत होती; क्षत्रप येत होते, क्षत्रप जात होते; आणि टोचणाऱ्या साऱ्या शालींखाली, हळूहळू, ऊब धरत होती.