एर्सिलिओच्या नावाचं मैदान

माझा भाऊ रादामेस बारा वर्षं अमेरिकेत बेसबॉल खेळला, पण तिथल्या एकाही कागदावर त्याचं नाव नाही.

तो एकवीस वर्षांचा असताना राजधानीतून, सान्तो दोमिंगोहून, एका अमेरिकन क्लबचा माणूस आमच्या गावात आला. उसाच्या फडामागच्या मैदानावर त्यानं भावाची चेंडूफेक पाहिली आणि वय विचारलं. "अठराच्या वरचा नको," म्हणाला. आई लगेच बोलली, "अहो, सतरा पण पुरी नाहीत त्याला!" संध्याकाळी तिनं काकूकडून आमच्या चुलतभावाचा, एर्सिलिओचा जन्मदाखला आणला आणि नोंदणी कचेरीत शपथेवर सही केली, की हाच तो.

रादामेस तिकडे एर्सिलिओ मोता म्हणून गाजला. खरा एर्सिलिओ इकडे मोटारसायकलवरून माणसं पोचवायचा, तीही पोलीस चुकवून. ओळखपत्र मागायला गेला तर कारकून म्हणाला, "एर्सिलिओ मोता तर टीव्हीवर दिसतो. तू कोण?"

खांदा निकामी झाला तेव्हा रादामेस परत आला. गावानं मैदानाला नाव द्यायचं ठरवलं. तो महापौरबाईंकडे गेला.

"बाई, नाव माझं घाला. रादामेस."

"हा रादामेस कोण? एक तरी सामना खेळलाय का कुठे?"

"सगळे मीच खेळलोय!"

"मग पुरावा आणा. फलक रंगवून झालाय."

समारंभाला अख्खं गाव जमलं. पडदा सरकला, एर्सिलिओचं नाव झळकलं. मानाचा पहिला चेंडू टाकायला पुकारा झाला. रादामेस जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा पुकारल्यावर चुलतभाऊ उठला. "माझंच नाव घेतायत ना? मग बस तू," असं म्हणून मैदानात गेला आणि चेंडू फेकला. चेंडू अर्ध्या वाटेतच आपटला. लोक खो खो हसले.

रादामेसला ते बघवेना. शिव्या देतच तो उतरला, चेंडू हिसकावला आणि दुखऱ्या खांद्यानं असा फेकला की झेलणाऱ्याचा हातमोजा वाजला. "एर्सिलिओ! एर्सिलिओ!" सगळे ओरडायला लागले. तो तसाच घरी निघून आला.

सोमवारी दोघं एकाच मोटारसायकलवरून नोंदणी कचेरीत गेले, मी बसनं. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "तेव्हा दाखला देणारं, शपथ घेणारं कोणी हयात आहे का? त्यांनी येऊन खरं सांगितलं, तर बघू."

काका-काकू कधीच गेलेले. उरली आई. बहात्तर वर्षांची. आम्ही तिघं घरी पोचलो तेव्हा कॉफी गाळत उभी होती.

"आई, फक्त एकदा चल. सांग की मी रादामेस आहे."

"म्हणजे देवासमोर खोटं बोलले होते, हे पुन्हा देवासमोरच सांगू? या वयात?"

"माझ्यासाठीच बोललीस ना तेव्हा?"

"हो, आणि तुला काय कमी पडलं? घर झालं, लग्न झालं."

"नाव राहिलं, आई."

"मी मारते ना हाक. रादामेस, बस, कॉफी घे."

त्यानं कप घेतला नाही. एर्सिलिओनं मात्र दोन्ही कप संपवले. "काकू, मला तर कोणी हाकसुद्धा मारत नाही," म्हणाला आणि बाहेर जाऊन मोटारसायकल सुरू केली.

आई अजून कचेरीत गेलेली नाही. रादामेस दर सोमवारी विचारतो.