लॉकच्या आतली चांदणी

दुपारी तीनच्या सुमारास दुकानाकडे कोणी फारसं फिरकत नसे. त्यामुळे तो माणूस आत शिरला तेव्हा घड्याळवालीला बरंच वाटलं. त्याने रुमालात गुंडाळलेलं जुनं, भारी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

"वडिलांचं आहे. विकायचंय. सगळं अस्सल आहे असं लिहून द्या."

"आधी बघते तरी!" ती हसून म्हणाली.

घड्याळाची तबकडी कोणीही बदलतं, खरं-खोटं चेनवर कळतं, हे तिला सासऱ्यांनी शिकवलेलं. तिने डोळ्याला भिंग लावलं. टोकाच्या कडीवरचा आकडा घड्याळावरच्या आकड्याशी जुळत होता. चेनचं लॉक उघडलं. आत कंपनीचा शिक्का, शेजारी साल सांगणारं अक्षर, सगळं जागच्या जागी. आणि शिक्क्याखाली सुईने कोरलेली बारीक चांदणी नि दोन रेघा.

चांदणी ही तिने केलेल्या कामावर कोरायची तिची स्वतःची खूण होती, आणि दोन रेघा म्हणजे दोन कड्या काढल्या. गेल्याच महिन्यात तिने त्या काढल्या होत्या, गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या बारीक मनगटासाठी. गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ म्हणून बाई ते अंघोळीलासुद्धा काढत नसत. मूलबाळ त्यांना नव्हतंच.

कालपासून त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. बहिणीकडे गेल्या असतील, असं सगळे म्हणत होते.

"काय झालं?" माणसाने विचारलं.

"मळ साचलाय, अक्षर नीट लागत नाही. धुते. पंधरा मिनिटं."

"माझ्या डोळ्यांसमोर धुवा."

काउंटरमागेच, त्याला दिसेल अशा टेबलावर सासरे काम करत बसले होते. कानाने ठार बहिरे, त्यामुळे बोलणं सगळं खड्या आवाजात. तिने चेन सोडवून पाण्याच्या वाटीत टाकली नि वाटी तिथे ठेवली मात्र, म्हाताऱ्याने सवयीने लॉक उचलून भिंगाखाली धरलं.

"सूनबाई, अगं, ही तर तुझी..."

तिने कोपराने चेनच्या पिनांचा डबा उडवला. पिना दुकानभर विखुरल्या. ती नि सासरे त्या वेचायला टेबलाखाली वाकले. तिने खिशातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खरडलं, 'घड्याळ डॉक्टरीणबाईंचं. पोलिसांना इथे आणा, त्यांच्या घरीही पाठवा. याला कळू देऊ नका.'

सासऱ्यांनी वाचलं. चिठ्ठी मुठीत दाबली. मग ते खोकत उठले. "औषध संपलंय माझं!" असं ओरडून मागच्या दाराने निघून गेले.

माणूस वळला. त्याने पुढच्या दाराची कडी लावली.

"म्हातारा काय म्हणत होता? ही तर तुझी काय?"

"चूक, दुसरं काय? पिन उलटी घातली होती मी. सुनेच्या चुका काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही."

तो हसला नाही. त्याने काउंटरवर हात टेकला, आणि बाहीखालून मनगटावरचे ताजे ओरखडे दिसले. नखांचे. तिने चटकन नजर वळवली, पण तिची नजर कुठे गेली होती हे त्याने पाहिलं होतं.

"द्या ते इकडे."

"चेन सुटी आहे. बसवून देते."

पिन तीनदा हातातून निसटली. दर वेळी तो एक पाऊल जवळ आला. चौथ्यांदा मात्र तिने पिन मुद्दाम पाडली, आणि शोधायच्या मिषाने खाली बसली. त्याचे बूट काउंटरला वळसा घालून येताना तिला दिसले. तिने डोळे गच्च मिटले.

दारावर थाप पडली. मग दुसरी, मग धडाधड. तो मागच्या दाराकडे पळाला. तिथे दोन शिपाई उभे होते.

डॉक्टरीणबाई न्हाणीघरात सापडल्या. नळ दुरुस्त करायला आलेल्या या माणसाने घड्याळ ओढून घेतलं, झटापटीत त्या पडल्या, आणि त्यांना आत कोंडून तो घराला कुलूप घालून निघून गेला होता. खुबा मोडला होता, आवाज बसला होता. दीड दिवस त्या नळाच्या पाण्यावर तगल्या होत्या.

संध्याकाळी घड्याळवाली त्यांना भेटायला दवाखान्यात गेली.

"घाबरली होतीस का गं?" बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"खूप."

"मीही," बाई म्हणाल्या, आणि भेटायची वेळ संपल्याचं परिचारिका दोनदा सांगून गेली तरी त्यांनी तिचा हात सोडला नाही.